कोरी जागा दिसली पाहिजे

१ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावात जमावाने पाच माणसांना मारून टाकले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी होती आणि त्यांतली बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून गेलेली होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप त्या दिवसांत एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरत होता आणि परक्या वेशातली माणसे दिसताच जमावाने तो खरा मानला. त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत अशा हत्या झाल्या. निरोपांबरोबर जी एक चित्रफीत फिरत असे तिच्यात मोटारसायकलवरून दोघे जण येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मुळात ही चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केली होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो हे सांगणारा फलक दाखवतात. आपल्याकडे फिरलेल्या चित्रफितीतून हा शेवट कापलेला होता, आणि कापल्याची खूण मात्र कुठेही नव्हती. त्या चित्रफितीचे सगळे विष त्या न दिसणाऱ्या कात्रीत होते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

म्हणूनच इंटरनेटवर कोणाचे कसलेही नियंत्रण नसावे, असे मला म्हणता येत नाही. मंगळवेढ्याच्या ज्या घरांत त्या संध्याकाळी ती बातमी पोहोचली, त्या घरांसमोर उभे राहून कोणालाही ते म्हणता येणार नाही. पण मी ज्या शहरात राहतो तिथे चार हुतात्मा चौकही आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटून उठले, गोळीबार झाला आणि सरकारने शहरावर मार्शल लॉ लादला. हातात तिरंगा घेऊन चालणे हासुद्धा तेव्हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. यांपैकी कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत असत, म्हणजे आमच्या चौकातल्या चार पुतळ्यांपैकी एक पुतळा संपादकाचा आहे. काय बोलावे आणि काय बोलू नये हे ठरवण्याचा अनिर्बंध अधिकार सत्तेच्या हाती गेला की काय होते, हे या शहराला दुसऱ्या कोणी शिकवावे लागत नाही.

या दोन्ही आठवणी एकाच जिल्ह्याच्या आहेत, आणि त्या दोन्ही खऱ्या मानायच्या तर ‘लोकशाहीत मोकळीक, हुकूमशाहीत बंदी’ ही नेहमीची विभागणी अपुरी पडते. इंटरनेटवरून काही ना काही पुसून टाकत नाही, अशी राजवट आज जगात नाही. चीन पुसतो, रशिया पुसतो, जर्मनी पुसतो, भारतही पुसतो. अमेरिकेत सरकारला पुसणे फार अवघड आहे, तर तिथे ते काम कंपन्या करतात. किती पुसले याची बेरीज करून देशांची क्रमवारी लावण्यापेक्षा मला तीन गोष्टी तपासाव्याशा वाटतात. पुसलेली जागा वाचणाऱ्याला दिसते का, ती कोणी आणि कोणत्या कारणासाठी पुसली हे कळते का, आणि पुसणाऱ्याच्या हाताखाली नसलेल्या कोणापुढे तरी त्याचा जाब मागता येतो का. या तिन्हींत पहिली गोष्ट सर्वांत साधी दिसते, पण बाकीच्या दोन्ही तिच्यावरच उभ्या असतात, कारण जे नाहीसे झाले आहे हेच ठाऊक नाही त्याबद्दल कोणी दाद मागायला जात नाही.

छापील कागदाच्या काळात हे सत्ताधाऱ्यांनाही नीट ठाऊक होते. आणीबाणी जाहीर झाल्यावर ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जून १९७५ रोजी अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि ती कोरी चौकट हजारो घरांत वाचली गेली. त्यानंतर जागा कोरी सोडण्यालाच मनाई करण्यात आली. सेन्सॉरला लेखाची भीती होतीच, पण लेख काढल्याचे दिसण्याची भीती त्याहून मोठी होती. इंटरनेटने हा प्रश्न सत्तेच्या बाजूने सोडवून टाकला आहे. पडद्यावर कोरी जागा राहत नाही. एक मजकूर गेला की खालचा वर सरकतो आणि फट आपोआप बुजते. तंत्रज्ञांच्या जगात याची जाणीव आहे. एखादे पान सापडले नाही की ‘४०४’ हा संकेतांक दिसतो, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. पण पान आहे आणि कायदेशीर कारणामुळे दाखवता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगण्यासाठी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०१५ मध्ये ‘४५१’ या वेगळ्या संकेतांकाला मान्यता दिली. ‘नाही’ आणि ‘आहे, पण दाखवू देत नाहीत’ या दोन वाक्यांतला फरक या दोन आकड्यांत आहे, आणि कोणत्या देशाने आपल्या नागरिकाला यांपैकी कोणते वाक्य सांगायचे ठरवले आहे यावर त्या देशाची बरीचशी परीक्षा होऊ शकते.

चीनकडे सोलापूरचा माणूस अगदी परकेपणाने पाहू शकत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये इथेच जन्मले, १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. शीज्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे आणि चिनी शासन त्यांचे स्मरण आदराने करते. इथल्या कोटणीस स्मारकासमोरून जाताना मला अलीकडे आणखी एका डॉक्टरची आठवण होते. वूहानमधले नेत्रतज्ज्ञ ली वेनल्यांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या जुन्या सहाध्यायांच्या वुईचॅट गटात, सार्ससारख्या आजाराचे रुग्ण आढळल्याचे सांगून सावध राहायला सांगितले. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून खोट्या गोष्टी पसरवल्याबद्दल ताकीदपत्रावर सही घेतली. त्या पत्रात त्यांनी हाताने लिहून दिलेली उत्तरे आहेत : असे पुन्हा न करणे जमेल का, तर ‘जमेल’, समजले का, तर ‘समजले’. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ते त्याच साथीत गेले. पुढे चौकशी होऊन ते ताकीदपत्र चुकीचे होते असे सरकारनेच मान्य केले, ते मागे घेतले, आणि एप्रिलमध्ये ली यांची गणना हुतात्म्यांत केली. चूक कबूल केली ही गोष्ट मी कमी लेखत नाही. परंतु ती कबूल करण्यासाठी त्या डॉक्टरला मरावे लागले, आणि ते मेले हे कळताच लाखो चिनी लोकांनी एका रात्रीत समाजमाध्यमांवर इतका आक्रोश केला की तो पुसणे अशक्य झाले, म्हणून ती कबुली आली. वेइबो या चिनी समाजमाध्यमावरची त्यांची शेवटची नोंद आजही लोकांची मन मोकळे करण्याची जागा आहे. माणसे तिथे जाऊन त्यांना रोजच्या आयुष्यातल्या गोष्टी सांगतात.

चीनमधली व्यवस्था ‘सगळे बंद’ अशी नाही, आणि तिचे बळ त्यातच आहे. २००९ मध्ये तिथे फेसबुक आणि ट्विटर बंद झाले, २०१० मध्ये गूगलने आपली शोधसेवा मुख्य भूमीवरून हलवली, २०१९ मध्ये विकिपीडियाच्या सगळ्या भाषा अडवल्या गेल्या. तरीही आतल्या बाजूला वुईचॅट, वेइबो, दोऊयिन यांचे इतके भरगच्च जग आहे की बाहेरचे काही अडले आहे हे बहुतेकांना जाणवतही नाही. परदेशी संकेतस्थळ उघडायला गेले तर बहुधा ‘बंदी आहे’ असा फलक लागत नाही. जोडणीच तुटते, आणि दोष आपल्या फोनचा, नेटवर्कचा की सरकारचा हे वापरणाऱ्याला ठरवता येत नाही. हार्वर्ड विद्यापीठातले गॅरी किंग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की तिथे सरकारवरची कडवट टीकासुद्धा पुष्कळदा शिल्लक राहते, मात्र लोकांना एकत्र येऊन काही करायला प्रवृत्त करील असा मजकूर, मग तो सरकारच्या बाजूचा का असेना, झपाट्याने काढला जातो. त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासात सरकारी यंत्रणेकडून वर्षाला सुमारे ४४ कोटी ८० लाख बनावट नोंदी लिहिल्या जातात असा अंदाज आहे. आणि त्या विरोधकांशी वाद घालण्यासाठी नसतात, तर विषय बदलण्यासाठी, सणांच्या शुभेच्छा आणि देशाच्या कौतुकाने गर्दी करण्यासाठी असतात. म्हणजे नको ते काढायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत आनंदी गलबला भरून ठेवायचा.

या दडपणाखाली चिनी लोकांनी भाषेची जी करामत केली तिचे कौतुक जगभर झाले आहे. सरकार सेन्सॉरशिपला ‘सुसंवाद’ म्हणते आणि त्या शब्दाचा उच्चार ‘नदीतला खेकडा’ या शब्दाजवळ जातो, म्हणून काढून टाकलेल्या मजकुराला लोक ‘खेकडा लागला’ म्हणू लागले. ४ जून या तारखेचा उल्लेख चालत नाही म्हणून ‘३५ मे’ लिहू लागले. भारुडात आणि शाहिरीत एका अर्थाच्या आडून दुसरा सांगण्याची परंपरा असलेल्या मराठी माणसाला हे लगेच भावते, आणि मलाही सुरुवातीला ते फार आवडले होते. आता मात्र त्यातली हानी अधिक दिसते. ‘३५ मे’ ही खूण १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात सैन्याने निदर्शकांना कसे चिरडले हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळते. ज्याला माहीत नाही त्या विशीतल्या मुलाला ती काहीच सांगत नाही. सांकेतिक भाषा माहितगारांची आठवण टिकवते, पण ती पुढच्या पिढीकडे पोहोचवू शकत नाही. दिसू न देता पुसण्याचा विजय होतो तो इथे, दुसऱ्या पिढीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविडच्या टाळेबंदीत असलेल्या उरुमची शहरातल्या इमारतीला आग लागून दहा माणसे गेल्यावर शांघाय आणि बीजिंगमध्ये तरुण हातात पांढरे कोरे कागद धरून रस्त्यावर आले. माझ्या वाचनात गेल्या काही वर्षांत यापेक्षा नेमके निवेदन आलेले नाही. पडद्यावर जी कोरी जागा शिल्लक राहू दिली जात नव्हती ती त्यांनी हातात धरून दाखवली.

रशियाचा प्रवास मला आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद वाटतो, कारण तिथली सुरुवात वेगळी होती. २०१२ मध्ये तिथे अडवलेल्या संकेतस्थळांची अधिकृत नोंदवही सुरू झाली आणि एखादे ठिकाण त्या यादीत आहे का हे कोणालाही तपासता येत होते. यादी अन्यायकारक असेल, पण ती यादी होती. २०१८ मध्ये टेलिग्राम बंद करण्याच्या प्रयत्नात लाखो पत्ते अडवले गेले, असंबंधित सेवा कोलमडल्या, टेलिग्राम मात्र चालूच राहिले आणि २०२० मध्ये बंदी मागे घ्यावी लागली. ती नाचक्की सर्वांना दिसली, कारण कृती उघड होती. त्यानंतर २०१९ च्या ‘सार्वभौम इंटरनेट’ कायद्याने सेवा पुरवठादारांच्या यंत्रणेतच सरकारची उपकरणे बसवली आणि नियंत्रण थेट मध्यवर्ती झाले. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद झाले, लष्कराविषयी ‘खोटी’ माहिती देण्याला १५ वर्षांपर्यंतची कैद ठरली, आणि २०२४ मध्ये यूट्यूब मंदावले तेव्हा आधी गूगलच्या उपकरणांच्या देखभालीकडे बोट दाखवण्यात आले. यादीत नाव घालण्यापासून ‘यंत्र बिघडले असेल’ इथपर्यंतचा हा प्रवास दहा-बारा वर्षांत झाला. दिसणारी बंदी न दिसणारी होण्यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. वायरच्या टोकाला एक पेटी बसवली की पुरते.

सिंगापूरने नेमके याच्या उलट केले आहे, आणि त्यामुळे माझ्या कसोटीतली पहिली अट एकटी पुरेशी नाही हे मला मान्य करावे लागते. तिथल्या २०१९ च्या कायद्यानुसार एखादे विधान खोटे आहे असे मंत्र्याला वाटले, तर मूळ मजकूर बहुधा तसाच ठेवून त्याच्यासोबत ‘यात खोटे विधान आहे’ अशी सूचना आणि सरकारी स्पष्टीकरणाचा दुवा लावायला सांगता येते. आदेश जाहीर असतो, कारण लिहिलेले असते, मजकूरही दिसतो. पण खरे काय आणि खोटे काय हे प्रथम मंत्रीच ठरवतो, हरकत घ्यायची तरी आधी त्याच मंत्र्याकडे जावे लागते आणि नंतर उच्च न्यायालयाचे दार उघडते. ज्याच्यावर टीका झाली त्यानेच ती खोटी ठरवायची, ही व्यवस्था कितीही स्वच्छ अक्षरांत लिहिली तरी न्यायाची होत नाही.

आपल्याकडेही हाच प्रयोग होऊ घातला होता. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा आहे असे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्यपडताळणी कक्षाला देण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली आणि तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती तरतूद घटनाबाह्य ठरली. कसोटीतली तिसरी गोष्ट, पुसणाऱ्याच्या हाताखाली नसलेले न्यायपीठ, आपल्याकडे अजून शिल्लक आहे याचा मला या निकालाने खरोखरच आधार वाटला. २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिल्यामुळे आणि दुसरीने त्याला पसंती दिल्यामुळे पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यातून सुरू झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला शिक्षा करणारे कलम ६६अ रद्द केले, हेही याच परंपरेतले. मात्र पालघरची अटक उघड होती. गुन्हा नोंदवला गेला, बातमी झाली, देशाने ती पाहिली, म्हणून ती न्यायालयापर्यंत गेली.

त्याच २०१५ च्या निकालात कलम ६९अ, म्हणजे मजकूर अडवण्याचा केंद्राचा अधिकार, वैध ठरला, कारण त्यात लेखी कारणे आणि सुनावणी यांची तरतूद आहे असे न्यायालयाने म्हटले. पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम या सगळ्या कार्यवाहीवर गोपनीयतेचे झाकण ठेवतो. व्यवहारात आदेश कंपनीकडे जातो, आणि ज्याने मजकूर लिहिला त्याला पुष्कळदा आदेश मिळत नाही, तर वाचणाऱ्याला तो मिळण्याचा प्रश्नच येत नाही. लेखी कारणे आहेत, पण ती ज्याला वाचायची गरज आहे त्याच्यापासून लपवलेली आहेत. २९ जून २०२० रोजी टिकटॉक, वुईचॅट यांच्यासह ५९ चिनी ॲपवर बंदी आली ती याच कलमाखाली. गलवानमध्ये दोनच आठवड्यांपूर्वी आपले २० जवान धारातीर्थी पडले होते आणि बंदीमागचे कारण हलके होते असे मी मुळीच म्हणत नाही. तरी फरक पाहावा. अमेरिकेने हेच टिकटॉक अडवायचे ठरवले तेव्हा २०२४ मध्ये कायदेमंडळात विधेयक आले, कंपनी न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयात उघड सुनावणी झाली आणि १७ जानेवारी २०२५ रोजी लेखी निकाल लागला. निकाल सरकारच्याच बाजूने गेला. आपल्याकडे एका संध्याकाळी प्रसिद्धिपत्रक निघाले आणि सविस्तर आदेश जनतेसमोर आलाच नाही. यंत्रमागाचे सुटे भाग चीनमधून मागवणारे व्यापारी असोत की चीनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारी मुले, वुईचॅटवर अवलंबून असलेल्यांचा संपर्क एका रात्रीत तुटला. देशासाठी ते सोसायला माणसे तयार असतात, पण निदान काय सोसतो आहोत आणि कुठवर, हे सांगणारा कागद त्यांच्या हाती असावा.

इंटरनेट संपूर्ण बंद करण्याच्या बाबतीत तर आपण कोणत्याही हुकूमशाहीच्या मागे नाही, आणि हे लिहिताना मला वेदना होतात. या गोष्टीची जागतिक मोजणी करणाऱ्या ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेच्या नोंदींनुसार २०१८ पासून २०२३ पर्यंत दर वर्षी सर्वाधिक वेळा इंटरनेट बंद झाले ते भारतात. २०२३ मध्ये ११६ वेळा. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये गेलेली पूर्ण वेगाची मोबाइल सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट सांगितले की इंटरनेट बंद करण्याचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे आणि तो बेमुदत असू शकत नाही. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीला असे आढळले की देशात अशा किती बंदी झाल्या याची नोंदच केंद्राचे संबंधित विभाग ठेवत नाहीत. १९३० चा मार्शल लॉ परकीयांचा आणि जुलमी होता, तरी त्याचे हुकूम जाहीर असत. काय केल्यास शिक्षा होईल हे शहराला ठाऊक होते आणि म्हणूनच ते हुकूम जाणूनबुजून मोडण्याचे धैर्यही दाखवता आले. स्वराज्यातल्या नागरिकाला निदान तेवढे कळावे ही मागणी जास्तीची नाही.

आपल्या राज्यातही नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर इंटरनेट बंद केले गेले. कोल्हापुरात तर तणावाची ठिणगी मोबाइलवरच्या स्टेटसमधूनच पडली होती, तेव्हा काही तासांची बंदी प्रशासनाला आवश्यक वाटली तर मी तिला सरसकट अन्याय म्हणणार नाही. पण बंदीचा भार कोणावर पडतो याचा विचार सोलापुरातल्या एका आठवड्यावरून करता येईल. बाजार समितीत कांद्याची गाडी उतरवण्यापूर्वी शेतकरी इतर बाजारांतले भाव फोनवर पाहतो. यंत्रमाग कामगाराचा आठवड्याचा पगार, चहाच्या टपरीवरचे पंधरा रुपये, रिक्षाचे भाडे, सगळे आता फोनमधून जाते. शिवाय अफवा तोंडी फिरायला इंटरनेट लागत नाही. ती खोटी आहे हे तपासायला मात्र लागते.

राहिला प्रश्न कंपन्यांचा. अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारचा हात धरते, पण १९९६ च्या कायद्यातल्या कलम २३० ने कंपन्यांना काय ठेवावे आणि काय काढावे याची मोकळीक दिली आहे. जानेवारी २०२१ मध्ये पदावर असलेल्या अध्यक्षाचे खाते एका कंपनीने बंद केले हे त्या मोकळिकीचे टोक होते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू केलेल्या डिजिटल सेवा कायद्यात मजकूर काढल्यास त्याचे कारण वापरणाऱ्याला कळवण्याचे बंधन घातले, आणि अशी कारणे एका खुल्या संग्रहात जमा होतात. माझ्या पाहण्यातली ही सर्वांत चांगली तरतूद आहे, जरी अब्जावधी नोंदींच्या त्या ढिगातून एका माणसाला न्याय कसा सापडावा हा प्रश्न उरतोच.

या कारणांचे मोल मला एका छोट्या अनुभवातून कळले. काही वर्षांपूर्वी १२ जानेवारीला मी चार हुतात्म्यांच्या फाशीविषयी एका मोठ्या समाजमाध्यमावर मराठीत टिपण लिहिले होते. तासाभरात ते हिंसेला उत्तेजन देणारे म्हणून काढले गेले. ‘निकषांचे उल्लंघन’ यापलीकडे कारण नव्हते. मी हरकत नोंदवली, चार दिवसांनी टिपण परत दिसू लागले, आणि त्याबद्दलही कोणी काही सांगितले नाही. ‘फाशी’ हा शब्द एखाद्या यंत्राने पाहिला असावा, एवढाच माझा तर्क. माझे यात काही मोठे नुकसान झाले नाही. पण मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या शहरात, या भाषा न येणारे यंत्र चांगले आणि वाईट दोन्ही चुकीचे ओळखणार, हे उघड आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध विखार पसरत असताना आपण पुरेसे केले नाही, असे फेसबुकने २०१८ मध्ये मान्य केले. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्याच कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून, हिंदी आणि बंगालीतला द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्याची साधने अपुरी असल्याने बरेच काही तसेच राहून गेले, असेही दिसले. कोट्यवधी लोकांच्या या भाषांची ही स्थिती असेल तर दखनीकडे कोण पाहणार?

सुरक्षेच्या बाबतीत सगळेच जाहीर करता येत नाही, हा आक्षेप मी समजू शकतो. गुप्तवार्ता कोठून मिळाली हे लपवावे लागेल. पण आदेश निघाला आहे, तो कोणत्या कलमाखाली, कोणत्या भागासाठी, किती दिवसांसाठी आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने, एवढे सांगितल्याने कोणत्याही शत्रूला काही मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की सामान्य माणूस हे आदेश वाचणारच नाही. बहुतेक जण वाचणार नाहीत, हे खरे. न्यायालयात जाणारा एक वकील, एक बातमीदार, एक शिक्षक वाचेल, आणि तेवढ्याने आदेश काढणाऱ्याचा हात लिहिताना थांबून विचार करतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. पुढे आलेला निरोप ‘फॉरवर्ड’ केलेला आहे अशी खूणही त्याच सुमारास दिसू लागली. मला या उपायांपैकी दुसरा अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याने कोणाचे तोंड बंद केले नाही, फक्त एक लपलेली गोष्ट दिसू लागली. चित्रफीत कापलेली आहे, हा निरोप लिहिणारा तो पाठवणारा नाही, हे वाचणाऱ्याला कळणे हीच त्या पाच माणसांच्या बाबतीत हरवलेली गोष्ट होती.

म्हणून माझी मागणी अगदी स्थानिक आहे. सोलापूर जिल्ह्यात कधी इंटरनेट बंद करण्याची वेळ आली, तर आदेश त्याच तासाला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि फलकावर लागावा, वृत्तपत्रांना द्यावा, आकाशवाणीवरून वाचून दाखवावा, कारण इंटरनेट बंद असताना संकेतस्थळ कोणाला दिसणार नाही. तो मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही असावा. असे आदेश तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीने त्या आदेशाबद्दल काय ठरवले तेही तिथेच लागावे. आणि जिल्ह्यातल्या कोणाचा मजकूर केंद्राच्या किंवा पोलिसांच्या सूचनेवरून हटवला गेला, तर त्या जागी ‘हे पान सापडले नाही’ असे न लिहिता, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कलमाखाली हटवले हे लिहिण्याचे बंधन कंपन्यांवर कायद्याने घालावे. पुढच्या अधिवेशनात आमचे खासदार आणि आमदार यांनी हा प्रश्न विचारावा, असे पत्र मी त्यांना लिहीत आहे.